दोन्हीकडून लिहिलेली वही

ही वही उघडण्याआधी ठरवावं लागतं, कुठल्या बाजूने उघडायची. सरळ धरून उघडली तर १९९४ सालचं आमचं डोंबिवलीचं घर समोर येतं: पेपर, इस्त्री २२, भिशी २००, रॉकेल, बाबांचा पास, गणपतीची वर्गणी. उपडी करून मागच्या पुठ्ठ्याकडून उघडली तर प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट. पुढची बाजू आईची, मागची माझी. मधे अजून बरीच कोरी पानं आहेत, आणि आमचे हिशेब दोन टोकांकडून एकमेकांकडे सरकत आलेत.

अंगाने ती भरदार आहे. जाड पुठ्ठा, पाठीवर लाल कापडाची पट्टी, पट्टीच्या कडांची सुतं निघालेली. कल्याणच्या बाजारपेठेतून आईने आणली तेव्हा दुकानात तिला रजिस्टर म्हणत असतील, घरात ती कायम ‘हिशेबाची’ होती. ‘हिशेबाची कुठे ठेवलीस गं?’ एवढंच विचारलं जायचं. ओट्याशेजारच्या खिळ्याला ती लटकायची आणि तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल भिंतीवर टकटक करायची. एक्केचाळिसाव्या पानावर आईचा हळदीचा अंगठा उठलाय, अजून पिवळाधमक. पानं नाकाशी नेली तर हिंगाचा वास येतो, आणि त्याच्या मागून डांबराच्या गोळ्यांचा. बाबांना कंपनीतून दरवर्षी डायरी मिळायला लागली, घरखर्च तिकडे गेला आणि १९९९च्या मार्चनंतर ही माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत जाऊन पडली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत ती माझ्या हाताला लागली. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि युरोपात एकटीने, स्वतःच्या पैशाने, चार गावं फिरून यायचं असं मनात धरून मला सात-आठ वर्षं झाली होती. त्या सात-आठ वर्षांत मी फोनवर काय काय पाहिलं होतं! पूल, किल्ले, बर्फातल्या ट्राम. पण फोनला कालचं काही आठवत नाही. काल पाहिलेलं भाडं आज दिसत नाही, आज दिसलेलं उद्या नसतं, आणि आपण रोज नव्याने हरखत किंवा हबकत राहतो. त्या रात्री आईची पानं वाचता वाचता अकरा वाजले. मग मी वही उपडी केली, मागच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढला, खाली ‘जमा’ आणि ‘खर्च’ असे दोन रकाने आखले. जमेत लिहायला तेव्हा ३,२०० रुपये होते.

हिचा स्वभाव आईच्या पानांतूनच कळतो. इस्त्रीचे साडेएकवीस झाले तरी खर्चात बावीस पडायचे. जमा नेहमी थोडी कमी धरायची, खर्च थोडा जास्त. बोनसचा आकडा आधी पेन्सिलीने लिहिलेला असायचा आणि पैसे खरोखर हातात पडले की त्यावरूनच शाईने गिरवलेला. १९९६च्या ऑक्टोबरात एक आकडा पेन्सिलीनेच राहिलाय. त्या वर्षी बोनस झाला नाही. पुढच्या ओळीत फराळाचं सामान निम्मं आहे, पण आहे. अनारसेसुद्धा आहेत. हे पान मी कितीदा पाहिलं असेल याची गणती नाही. पैसा कमी पडला म्हणून आमच्याकडे दिवाळी झाली नाही, असं कधी झालंच नाही, आणि ते कसं जमलं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सकाळच्या लोकलला ती माझ्याबरोबर यायला लागली. मी डोंबिवलीला चढते, ठाण्याला उतरते. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. स्लो गाडीने वीस-बावीस मिनिटं. मुंब्र्याला एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे बायकांच्या डब्यात चौथ्या सीटच्या काठावर टेकून मी गुडघ्यावर वही ठेवलेली. आमच्या ग्रुपला आठवड्यात सगळं पाठ झालं. कुणी खांद्यावरून वाचायचं, कुणी चूक काढायचं. महिन्याच्या ६,००० रुपयांच्या आरडीखाली गाडीतल्या भिशीची ओळ आली. एकीच्या जावेचा जाड ओव्हरकोट कपाटात पडून होता, तो मिळाला. त्याची नोंद अशी आहे: ‘कोट — ०.’ आईच्या बाजूला अशी शून्यं पुष्कळ आहेत. शेजारणीने दिलेला कढीपत्ता, मामाने आणलेली आंब्याची पेटी. फुकट आलेलंही लिहून ठेवायचं, कारण ते कुणीतरी दिलेलं असतं.

पहिल्या आराखड्यात माझी सात गावं होती. वहीनेच ती कापली. गाव बदलायचं म्हणजे पिशवी भरायची, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, गाडीत बसायचं, नवं गाव समजून घेत मुक्कामी पोचायचं; यात अर्धा दिवस जातोच. सात गावं म्हणजे सहा बदल, म्हणजे चौदातले तीन दिवस फक्त सामान उचलण्यात. हे तीन दिवस मी खर्चाच्या रकान्यात मांडले, राहण्याच्या आणि जेवणाच्या भावाने, आणि तो आकडा पाहून माझी मीच निळ्या पेनाने तीन गावांवर काट मारली. क्राकोव गेलं, ल्युब्लियाना गेलं, व्हेनिस गेलं. व्हेनिसवर काट मारताना हात जड झाला होता. ती रेघ वाकडी आहे.

उरलेली चार गावं एका माळेत बसली. प्रागला उतरायचं आणि बुडापेस्टहून परत निघायचं, म्हणजे आल्या वाटेने मागे यायला नको. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास. बुडापेस्ट ब्रातिस्लाव्हाहून अडीच तास. आणि व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा साधारण साठ किलोमीटर, तासाभराचा प्रवास. हे अंतर मी वहीत लिहिलं आणि त्याच्या शेजारी ‘कल्याण–सीएसएमटी ५४’ असं लिहून ठेवलं. एका देशाच्या राजधानीतून दुसऱ्या देशाच्या राजधानीत जायला आमच्या कल्याणच्या माणसाला रोज ऑफिसला जायला लागतो तेवढाच वेळ लागतो. ही ओळ डब्यात वाचून दाखवली तेव्हा सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या, आणि मग एकजण म्हणाली, ‘मग जाशील गं तू सहज.’ त्या दिवसापासून मला भीती वाटायची थांबली. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला येऊन थांबली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. तेव्हापासून ह्या गावांतली माणसं अंतर मिनिटांत मोजायला शिकली. व्हिएन्नाचं अंतर मोजायला मला दुसरी कुठली पट्टी लागली नाही.

अशी शेजाराची टिपणं वहीत आणखीही आहेत. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही नदीकाठची वेगवेगळी गावं १८७३ साली एक झाली आणि बुडापेस्ट झालं; त्याच्या बाजूला ‘कल्याण-डोंबिवली महापालिका, १९८३’. बुडापेस्टची जमिनीखालची पहिली रेल्वे १८९६ची, युरोपच्या मुख्य भूमीवर तिच्याआधी अशी रेल्वे नव्हती. तिच्यात बसायचंच, असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. व्हिएन्नाला आल्प्स डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी १८७३पासून नळाला येतं आणि ते तसंच प्यायचं असतं. म्हणून पाण्याच्या बाटल्यांच्या ओळीत शून्य. हे आईला फार आवडलं. पाण्यासाठी पहाटे उठून पिंपं भरलेली बाई ती. ‘डोंगरातलं पाणी, नळाला, दिवसभर?’ असं तिने दोनदा विचारून घेतलं.

भाड्याच्या बाबतीत वही चिवट निघाली. सलग सहा आठवडे रोज रात्री नऊला विमानाचं भाडं पाहायचं आणि लिहायचं. ४६,९०० पासून ६१,००० पर्यंत ते वरखाली होत राहिलं. सहा आठवड्यांचे आकडे एकाखाली एक उभे राहिले तेव्हा कळलं की पन्नासच्या आतलं दिसलं की घ्यायचं, ४५ची वाट पाहायची नाही. ४८,३०० ला मी तिकीट काढलं आणि पहिल्यांदा त्या पानावर शाई आली. रेल्वेची तिकिटंही तिकडे लवकर काढली तर स्वस्त पडतात, ती त्याच आठवड्यात झाली. राहण्याचं मात्र पैसे परत मिळतील अशाच अटीवर ठरवलं, पेन्सिलीने, कारण व्हिसा अजून यायचा होता.

व्हिसाची पानं सगळ्यात मळलीत. शेनगेनचा व्हिसा एकच असला तरी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे मुक्कामावरून ठरतं. जिथे सगळ्यात जास्त रात्री, तो देश. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पोचणार तो. माझ्या पहिल्या मांडणीत प्राग चार, बुडापेस्ट चार असं झालं होतं. नियमाने ते चाललं असतं, पण हिशेबात अशी बरोबरी मला नको होती. प्रागला पाच, व्हिएन्नाला तीन, ब्रातिस्लाव्हाला एक, बुडापेस्टला तीन अशा बारा रात्री मांडल्या आणि चेक प्रजासत्ताकाकडे अर्ज केला. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, अर्ज जायच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पगाराच्या पावत्या, रजेचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट. पासपोर्ट वागळे इस्टेटच्या केंद्रातून आधीच काढून ठेवला होता. अर्जासोबत रोजचा कार्यक्रम लिहून द्यायचा असतो. माझ्या ओळखीच्या कितीजणांना तो पानभर मजकूर जुळवताना घाम फुटलेला मी पाहिलाय. मला फक्त वहीतलं उतरवून काढायचं होतं. कुठल्या तारखेला कुठल्या गाडीने कुठे, रात्री कुठे, खर्च किती, हे सगळं तिने वर्षभरात इतकं घासून घेतलं होतं की बदलायला एक ओळ सापडली नाही.

आईला मी सगळं उशिरा सांगितलं. ती शहात्तर वर्षांची आहे, काशी आणि रामेश्वर केलेली, त्यापलीकडे कुठे गेलेली नाही. ‘एकटी?’ एवढंच म्हणाली आणि थोडा वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, ‘आमच्या कल्याणची आनंदीबाई गेलीच की.’ आईचं माहेर कल्याणचं, त्यामुळे आनंदीबाई जोशींबद्दल ती घरातल्या माणसासारखं बोलते. १८६५चा जन्म, १८८३च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. अंगावरचं सोनं विकून पैसे उभे केले होते. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस पुरी व्हायच्या आत, पुण्यात गेल्या. मी चौदा दिवस फिरायला निघाले होते. त्या प्रवासाशी माझ्या प्रवासाची तुलना करायची माझी हिंमत नाही. पण आईने ते नाव घेतलं आणि तिची हरकत तिथे संपली, हे मला कळलं. तिने हात पुसले आणि म्हणाली, ‘आण बघू ती हिशेबाची.’

तिने चष्मा लावून माझी सगळी बाजू वाचली. शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत, बोट फिरवत. पहिला प्रश्न: ‘अंधार किती वाजता पडतो तिकडे?’ नोव्हेंबरात भाडी उतरतात म्हणून मी नोव्हेंबर निवडला होता, पण तिथे त्या महिन्यात साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. माझ्या व्हिएन्नाच्या गाडीची पोचायची वेळ होती सहा वाजून काही मिनिटं. आईने पेन्सिलीने तिच्याभोवती गोल केला. आम्ही दोघींनी बसून प्रत्येक गाडीचं तिकीट बदललं. आता मी चारही गावांत उजेडी पोचते. त्या पानावर ‘उजेड’ असा एक रकाना आईच्या अक्षरात आहे, आणि बाई एकटी निघाली की तिच्या आराखड्यात तो पहिला असायला हवा, असं मला आता वाटतं. माझ्या वर्षभराच्या मेहनतीत तो नव्हता.

दुसरा प्रश्न तिने विचारला नाही, सरळ लिहूनच टाकलं. माझी जमा १,६०,०००, खर्च १,५९,०००, शिल्लक १,०००. मला त्या हजाराचा अभिमान होता. आईने शिल्लकेच्या वर एक ओळ घुसवली: ‘अडीनडी — १६,०००.’ मग वही सरळ केली आणि तिची पानं माझ्यापुढे धरली. १९९४पासून १९९९पर्यंत दर महिन्याला खर्चाच्या सगळ्यात शेवटी हीच ओळ. अडीनडी. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा. किती वेळा मी ती पानं चाळली होती, आणि ही ओळ मला वाण्याच्या उधारीसारखी कुठलीतरी बारीक बाब वाटली होती. बोनस झाला नाही त्या ऑक्टोबरात अनारसे कशातून आले, ते मला तेव्हा कळलं.

पंधरा हजार कमी पडत होते. साल्झबुर्गची एका दिवसाची सहल गेली. व्हिएन्नातली स्वतंत्र खोली जाऊन महिलांच्या डॉर्ममधली खाट आली. ऑपेराची खुर्ची गेली आणि उभ्याने पाहायचं तिकीट आलं. व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात उभ्याने पाहणाऱ्यांसाठी स्वस्त जागा असतात, आणि रोज लोकलमध्ये उभं राहणाऱ्या पायांना तीन तास जड नाहीत. तीन ओळी खोडून हिशेब जमला.

खाण्याच्या पानावर आईचं आणि युरोपीय संघाचं पटलं नाही. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. पेढे गेले. तुपाची बरणी गेली. मेतकूट, दाण्याची चटणी, सुक्या खोबऱ्याची चटणी राहिली. त्या पानाच्या समासात पैशांचे पाढे आहेत, आणि ते मला फार उपयोगी पडणार आहेत. प्रागला एक कोरुना म्हणजे साधारण चार रुपये, तेव्हा चारने गुणायचं. बुडापेस्टला साधारण चार फोरिंट म्हणजे एक रुपया, तेव्हा चारने भागायचं. कार्डाचं यंत्र ‘रुपये की तिथलं चलन’ असं विचारेल, तेव्हा तिथलंच म्हणायचं, नाहीतर यंत्रवाला आपल्या सोयीचा भाव लावतो. हे शेवटचं मी ठळक अक्षरांत लिहिलंय.

पासपोर्ट व्हिसासकट परत आला त्या संध्याकाळी मी दिव्याखाली बसून एकेक ओळ शाईने गिरवली. प्रागच्या पाच रात्री, व्हिएन्नाच्या तीन. आईच्या गिरवलेल्या बोनसाच्या आकड्यांखाली पेन्सिलीची राखाडी सावली दिसते, तशीच आता माझ्या गावांखालीही दिसते.

परवा पिशवी भरली. हातातल्या सामानाला सात किलोंची हद्द. ताणकाट्याला लावली तर सात किलो चारशे भरली. बूट अंगावरच घालायचे ठरवून जोड कमी केला, चटणीचा एक डबा काढला, सहा किलो सातशेवर आली. मग मी वही ठेवून पाहिली आणि काटा पुन्हा सातच्या पुढे गेला. दुसरा स्वेटर काढावा का, असा विचार करत मी उभी होते. आई दारात होती.

‘ही इथेच राहू दे,’ ती म्हणाली. ‘मला लागेल.’

मी सगळी पानं फोनमध्ये टिपून घेतली, गाड्यांच्या वेळा आणि पत्ते एका खिशातल्या डायरीत उतरवले आणि वही तिच्या हातात दिली. तिने ती सरळ केली. मार्च १९९९ची बेरीज शोधली, पान उलटलं, कोऱ्या पानावर हात फिरवला. सुतळीची पेन्सिल लोंबत होती. तिने माझ्याकडे पेन मागितलं. वर ‘नोव्हेंबर’ लिहिलं, खाली दोन रकाने आखले, आणि पहिल्या ओळीत, अक्षर थोडं कापत होतं तरी नीट, शाईने लिहिलं: दूध — रोज अर्धा लिटर कमी, १४ दिवस.